चौथी पिन

“उलटी कर,” आबा म्हणाले.

मी वाघीण उलटी करून त्यांच्या हातात दिली. मालगाडीची वाघीण, पण तळहातावर मावेल एवढी, पितळेची, अजून रंग न दिलेली. आबांनी चष्मा कपाळावर ढकलला, माझं भिंग डोळ्याला लावलं आणि छताकडं, दारांकडं ढुंकूनही न बघता थेट चाकांच्या मधे बघायला लागले. मी तेव्हा बारा वर्षं या वाघिणी बनवत होतो. दिवसभर दवाखान्यांसाठी लोकांचे दात आणि कवळ्या करायच्या आणि संध्याकाळी हा उद्योग. पत्र्यावरचे टाचणीच्या टोकाएवढे रिव्हेट, दाराचे कडीकोयंडे, यांचं पुण्या-मुंबईचे हौशी लोक तोंड भरून कौतुक करायचे. आबांनी कधी केलं नाही. त्यांच्या लेखी वाघीण म्हणजे तिचा ब्रेक. बाकीचा नुसता डबा.

“ही न्हवं,” ते म्हणाले. “मला मीटरगेजची पायजे. आपल्या सिकलाइनीतली.”

“कशाला?”

“लोंढ्याच्या मंडळींना दाखवायची हाय. त्या आठ दिवसांनी चालल्यात नाशकाला, पोराकडं. कायमच्या.”

स्वयंपाकघरात आईच्या लाटण्याचा आवाज थांबला. जरा वेळानं पुन्हा सुरू झाला.

लोंढ्यांचं नाव आमच्या घरात रोज निघायचं, पण आबांच्या तोंडून, आणि तेही एकाच गोष्टीसाठी. आबा आमच्या जंक्शनात फिटर होते. बिघडलेल्या वाघिणी ज्या रुळावर दुरुस्तीला लावतात त्याला सिकलाइन म्हणतात, तिथं त्यांची सगळी उमेद गेली. केरबा लोंढे मालगाडीवर गार्ड आणि आबांचे जिवाभावाचे मित्र. एकोणऐंशी साली, मी दहा वर्षांचा असताना, आबांनी सकाळी एक वाघीण दुरुस्त करून दिली. दुपारी ती केरबाकाकांच्याच गाडीला जोडली गेली. माळवाडीच्या वळणावर त्या वाघिणीच्या ब्रेकचा आडवा दांडा खाली पडला, चाकं रुळावरून उतरली, मागचे डबे एकमेकांवर चढले आणि सगळ्यात शेवटी असलेला गार्डाचा डबा भरावावरून खाली गेला. केरबाकाका जागेवरच गेले.

तो आडवा दांडा ज्या खिळ्यांवर लटकतो ते खिळे निसटू नयेत म्हणून प्रत्येकात एक स्प्लिट पिन घालतात. बोटभर लांब, दोन पायांची. भोकातून आरपार घालायची आणि पलीकडून पाय फाकवायचे. एका वाघिणीला अशा चार. अपघातानंतर तीन सापडल्या. चौथी बसवलीच नसावी, असा चौकशीत संशय धरला गेला. पुरावा नव्हता, म्हणून नोकरी राहिली, पण आबांना सिकलाइनीवरून उचलून भांडारात बसवलं. आणि केरबाकाकांच्या बायकोनं, अनसूयाकाकूंनी, त्या दिवसापासून आबांशी बोलणं टाकलं.

आबांचं म्हणणं एकच होतं. “माझं तोंड मोकळं हुतं.”

हे समजायला आबांची कामाची रीत ठाऊक हवी. वाघिणीच्या खाली उताणं पडून काम करायचं, दोन्ही हात तेलानं माखलेले, मग पिना ठेवायच्या कुठं? आबा भांडारातून मोजून चार पिना आणायचे आणि चारही ओठात धरायचे. एक घालायची, पाय फाकवायचे, दुसरी काढायची. तोंड मोकळं झालं की काम झालं. “खिशात पिन ठिवणारा फिटर, फिटरच न्हवं,” असं ते म्हणायचे. त्या दिवशी वाघिणीखालून बाहेर आले तेव्हा तोंड मोकळं होतं, एवढं त्यांना लख्ख आठवत होतं. आमच्या घरात आरतीपेक्षा हे वाक्य जास्त वेळा म्हटलं गेलं असेल. जेवण झालं की आबांची जीभ ओठांवरून सावकाश फिरायची, डावीकडून उजवीकडं, काही राहिलंय का बघितल्यासारखी. लहानपणी मला त्याची भीती वाटायची.

“तिला एकदा समोर ठिवून दावतो,” आबा म्हणाले. “पिन कुठं बसती, कशी बसती. एकदा बसली का पडत न्हाई, हे तिला डोळ्यानं बघू दे. मग जाऊ दे नाशकाला न्हाईतर काशीला.”

मीटरगेजच्या वाघिणीचा संच माझ्या कपाटात दोन वर्षं पडून होता. पुण्याच्या एका हौशी इंजिनिअरनं जुन्या नकाशांवरून काढलेला. त्याचे सगळे मिळून वीस संच निघाले होते. उघडायला मी धजत नव्हतो, का ते सांगायला नकोच. आता कारण मिळालं.

असा संच म्हणजे पोस्टकार्डाहून जरा मोठे दोनतीन पितळी पत्रे. ॲसिडनं त्यात सगळे भाग कोरलेले असतात आणि प्रत्येक भाग केसाएवढ्या दुव्यानं पत्र्याला चिकटलेला. तो कापायचा, दुवा घासून काढायचा, जिथं रेघ अर्धी कोरलेली असते तिथं दुमडायचा आणि डाग देऊन जोडायचा. एकदा दुमडलेलं पितळ परत सरळ करून पुन्हा दुमडलं की तुटतं. त्यामुळं दुमडण्याआधी दहादा विचार करावा लागतो. आबा रोज संध्याकाळी माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसायचे. बाजू उभ्या राहिल्या, छत बसलं, चाकं फिरायला लागली. आबा तोंडानं सांगत होते आणि माझे हात चालत होते, आणि मी खोटं कशाला बोलू, त्या आठ दिवसांत बापाशी जेवढं बोललो तेवढं उभ्या आयुष्यात बोललो नव्हतो.

पिनांवर मात्र गाडं अडलं. संचात पिन म्हणून नुसता एक उंचवटा कोरलेला होता.

“हे काय? चित्र हाय का?” आबा म्हणाले. “खरी पिन पायजे. पाय फाकणारी.”

“आबा, भिंगाशिवाय दिसणारसुद्धा नाही.”

“तिला दिसल. भिंग घिऊन जाऊ.”

शेवटी टेलिफोनच्या वायरीतली तांब्याची तार दुमडून मी चार पिना केल्या. चिमट्यात धरताना एक उडाली ती गेलीच, पाचवी करावी लागली.

“हातात धरशील तर हरवणारच,” आबा म्हणाले. “तोंडात धर.”

तो शनिवार होता. सकाळीच तेजूचा, माझ्या मुलीचा, दहावीचा निकाल लागला होता. माझी बायको नर्स, ती ड्यूटीवर. तेजू मैत्रिणींबरोबर निकाल बघायला गेली होती. मी चारही पिना ओठात धरल्या आणि कामाला लागलो. एक झाली. दुसरी. तिसरीचे पाय फाकवले आणि तेवढ्यात तेजू पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आत आली.

“एक्क्याण्णव टक्के,” ती म्हणाली आणि वाकून आबांच्या पाया पडली. “आबा, आ करा.”

“ठिव तिथं बाळा. मी खात न्हाई.”

तिलाही ते माहीत होतं. आबा पेढा खायचे नाहीत. अपघाताच्या दिवशी सकाळी केरबाकाकांनी त्यांना पेढा भरवला होता, आदल्या दिवशीच त्यांच्या मुलाचं बारसं झालं होतं. मित्राच्या हातचा तो शेवटचा घास, म्हणून आबांनी पेढा सोडला. हेही आम्ही शंभरदा ऐकलेलं.

“मग पप्पा, तुम्ही,” तेजू म्हणाली.

मी तोंडातली पिन काढली. डाव्या हातात वाघीण, उजव्यात चिमटा. पेढा खाल्ला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कुठल्या विषयात किती ते विचारलं. मग पुन्हा भिंग लावलं. ओठांवरून जीभ फिरवली. काही नव्हतं.

“झालं, आबा,” मी म्हणालो.

“तोंड?”

“मोकळं.”

आबांनी वाघीण उलटी करून घेतली. एक, दोन, तीन, असं मोजलं आणि थांबले. मला वाटलं, पिन पडली. मी टेबल चाचपलं, तेजू बॅटरी घेऊन फरशीवर गुडघ्यांवर बसली. आबा फरशीकडं बघत नव्हते. माझ्या शर्टाकडं बघत होते.

“बिरू,” ते म्हणाले, “खिसा बघ.”

मी दोन बोटं खिशात घातली. पिन तिथं होती. तिला खव्याचा एक कण चिकटला होता.

आबांनी ती माझ्या बोटावरून उचलून आपल्या तळहातावर घेतली. “पाय फाकलेलं न्हाईत,” ते म्हणाले. मग त्यांचा उजवा हात हळूहळू वर आला आणि छातीवर डाव्या बाजूला टेकला. अंगात नुसती बंडी होती, तिला खिसा नव्हता. तरी बोटं खिसा शोधत होती.

“त्यो खाली वाकला,” आबा म्हणाले. “वाघिणीच्या खाली तोंड घालून म्हणाला, शिरपा, आ कर, बारशाचा हाय. माझं हात तेलाचं. तोंडात एक राहिली हुती. मी ती काढली.”

पुढचं सांगायची गरज नव्हती.

त्यांनी मान वळवली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“त्यो शर्ट तू धुतलास,” आबा म्हणाले.

आईला नाही म्हणता आलं असतं. आठवत नाही म्हणाली असती तरी भागलं असतं. इतक्या वर्षांपूर्वीचा शर्ट कुणाला आठवतो? पण ती थकली होती असं मला वाटतं. पदराला हात पुसत ती देव्हाऱ्याकडं गेली. देव्हारा ती दुसऱ्या कुणाला कधी पुसू द्यायची नाही, माझ्या बायकोलासुद्धा नाही, आणि त्यावरून दोघींचे खटके उडायचे. बिरोबाच्या टाकामागून तिनं लाल कापडाची एक पुरचुंडी काढली आणि माझ्या टेबलावर पितळी तुकड्यांमध्ये ठेवली. आत स्प्लिट पिन होती. खरी, बोटभर लांब, गंजलेली. पाय मिटलेले.

“धोंड्यावर शर्ट आपटला तवा वाजली,” आई म्हणाली.

“सांगितलं का न्हाईस?”

“कुणाला? तुमाला? त्या आठवड्यात दोनदा तुमाला रुळावरनं धरून आणलं लोकांनी. पोरगं दहा वर्साचं. काय सांगू मी?”

आबा चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. “मी तिच्या दारावरनं मान वर करून गेलो,” ते म्हणाले. “एकोणतीस वर्सं. लोकांस्नी सांगत फिरलो, की बाई नाहक माझ्यावर आळ घेती.”

ते उठले आणि खुंटीवरचा सदरा अंगात घालायला लागले. “तिला सांगाय पायजे.”

“काय नगं,” आई म्हणाली. “कोळसा किती उगाळला तरी काळाच. ती चाललीया उद्या. जाऊ द्या तिला.”

“तेवढा तिचा हक्क हाय.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. “बिरू, तू तरी सांग ह्यास्नी.”

मी आबांची बाजू घेतली. मी चार पुस्तकं वाचलेला माणूस. खरं बोललं की सगळ्यांच्या छातीवरचा धोंडा उतरतो, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. “आई, तिला खरं कळलेलंच बरं,” मी म्हणालो आणि स्कूटरची किल्ली घेतली. आबांनी वाघीण रुमालात गुंडाळली, तीन पिनांची, तशीच.

आई पायरीपर्यंत आली. “जाताय तर जावा,” ती म्हणाली. “पण पेढ्याचं बोलू नका. पिन घालायची इसरलो म्हणा. तेवढं बास.”

मला वाटलं, पेढ्याचं सांगणं सबब दिल्यासारखं दिसेल म्हणून ती असं म्हणते आहे.

अनसूयाकाकूंच्या घरात पोती आणि ट्रंका बांधून ठेवलेल्या होत्या. नंदू, त्यांचा मुलगा, वळकटीला दोरी बांधत होता. चांगला उंच, बापासारखा रुंद खांद्याचा. काकूंनी दार उघडलं, आबांना पाहिलं आणि बाजूला झाल्या. आबांनी बसायला नकार दिला. रुमाल सोडून वाघीण त्यांनी एका ट्रंकेवर उलटी ठेवली.

“वहिनी,” ते म्हणाले, “चौथी पिन मी घातली न्हवती. आज कळलं. खिशात राहिली हुती.”

काकू हळूच पोत्यावर टेकल्या. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले, आणि त्यांचा चेहरा इतका सैल झाला की मी आयुष्यात तसा चेहरा पाहिलेला नव्हता. “बोललासा एकदाचं,” त्या म्हणाल्या. “मी म्हणत हुते, हा माणूस एकदा कबूल हुईल तर मी मोकळी हुईन.” मग नंदूला म्हणाल्या, “भावजींना पाणी दे.”

आम्ही पाणी पिऊन उठलो असतो तर किती बरं झालं असतं. आबा वळलेही होते. पण काकूंनी विचारलं, रागानं नाही, सहज विचारावं तसं, “एवढं हुशार तुमी. राहिली कशी वो?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना आईचं बोलणं आठवत होतं, मला दिसत होतं. ते गप्प राहिले. आणि मला ते सहन झालं नाही. माझा बाप निष्काळजी नव्हता, एवढं तरी या बाईला कळायला हवं असं मला वाटलं.

“काकू, त्यांची चूक नव्हती तशी,” मी म्हणालो. “ते पिना तोंडात धरायचे. चौथी तोंडातच होती. केरबाकाका आले आणि त्यांनी पेढा भरवला. त्यासाठी ती काढून खिशात ठेवली.”

“पेढा,” काकू म्हणाल्या.

“हो.”

“नंदूच्या बारशाचा.”

नंदूचे हात दोरीवर थांबले.

“ते नेत न्हवते,” काकू म्हणाल्या. त्या आमच्याशी बोलत नव्हत्याच. “ड्यूटीवर कशाला, म्हणाले. मीच डबा दिला हातात. म्हटलं, सिकलाइनीतल्या एकालाबी सोडू नका. कामात असला तरी वाकून भरवा, म्हटलं. आपल्याला पयला पोरगा झालाय.”

त्यांनी वाघीण उचलली. चौथं भोक त्यांना भिंगाशिवाय कसं सापडलं मला माहीत नाही, पण सापडलं. अंगठा त्यावरून फिरवत बसल्या. नंदू आधी आईकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही आता जावा.”

येताना स्कूटरवर आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. एरवी ठेवायचे.

आई पायरीवरच बसली होती. आमचे रिकामे हात तिनं पाहिले, आबांचा चेहरा पाहिला आणि विचारलं, “पेढ्याचं कुणी सांगितलं?”

“मी,” मी म्हणालो.

“ह्यांच्यासाठी गप्प बसायचं असतं तर दोन वर्सं लई झाली,” आई म्हणाली. “तवर ह्यांचं डोस्कं ताळ्यावर आलं हुतं. बाकीची सगळी तिच्यासाठी हुती.” मग उठून आत गेली आणि आमची ताटं वाढली.

आबा दुसऱ्या वर्षी गेले. त्यांची जीभ ओठांवरून फिरायची ते त्या शनिवारी बंद झालं होतं, ते शेवटपर्यंत. अनसूयाकाकू नाशकात अजून चार वर्षं होत्या. नंदूला मुलगी झाली तेव्हा त्यांनी घरात पेढे आणू दिले नाहीत, साखर वाटली, असं तिकडून आलेल्या एकानं सांगितलं. त्यानं ते काकूंच्या कंजूषपणाची गोष्ट म्हणून हसत हसत सांगितलं आणि मी त्याच्याबरोबर हसलो. वाघीण तिकडंच राहिली. दोन पिना, एक बोटभर आणि एक केसाएवढी, माझ्या खणात लाल कापडात आहेत. मी अजूनही वाघिणी बनवतो, पण पिना डबीत ठेवतो, ओठात धरत नाही.

तेजू आता बत्तीस वर्षांची आहे, पुण्यात असते. गेल्या दिवाळीत आली होती. माझ्या टेबलाशी उभी राहून रंग न दिलेली एक वाघीण तिनं हातात घेतली आणि उलटी करून पाहिली.

“पप्पा,” ती म्हणाली, “त्या दिवशी मी पेढा आणला नसता तर आबांना कधी कळलंच नसतं ना? काकूंनाही नाही.”

किती वर्षं तिनं हे मनात ठेवलं होतं, मला माहीत नाही. मी चिमटा खाली ठेवला.

“छे,” मी म्हणालो. “तू यायच्या आधीच ती पिन मी खिशात टाकली होती. ओठाला टोचत होती म्हणून.”

“खरं?”

“खरंच. तुझ्या पेढ्याचा काही संबंध नाही.”

तिनं वाघीण सरळ करून टेबलावर ठेवली. आतून आई जेवायला हाका मारत होती, म्हणून आम्ही उठलो.